लॅपटॉपवर क्वांटम भोवरे कसे बनवायचे आणि मुख्य म्हणजे कसे मोजायचे

सुपरकंडक्टर किंवा अतिथंड वायूमधल्या व्हॉर्टेक्सचे (म्हणजे क्वांटम भोवऱ्यांचे) ते फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, गोल ढग आणि त्यात त्रिकोणी जाळीत बसलेली काळी भोकं. बरेच जण ते बघून सिम्युलेशन करायला बसतात, चार दिवसांत काळी भोकं दिसायलाही लागतात आणि झालं असं समजून सोडून देतात. इथेच गोची होते, कारण भोक म्हणजे व्हॉर्टेक्स नाही. व्हॉर्टेक्स असतो फेजमध्ये, भोक हा त्याचा फक्त परिणाम. ढगात भोक असून व्हॉर्टेक्स नसू शकतो, आणि जिथे घनता जवळपास शून्य आहे तिथे डोळ्याला न दिसणारे ढीगभर व्हॉर्टेक्स पडलेले असू शकतात. म्हणून खाली बनवण्याइतकीच जागा मोजण्यालाही दिली आहे.

लागणारं सामान: पायथन, नमपाय, चित्रं काढायला मॅटप्लॉटलिब, साधा लॅपटॉप. ग्राफिक्स कार्ड असेल तर छान, नसेल तरी चालतं. गणित म्हणाल तर फुरियर ट्रान्सफॉर्म काय करतो आणि कॉम्प्लेक्स आकड्याला मॅग्निट्यूड आणि फेज असते इतकं माहीत असलं की पुरे.

आधी दोन मिनिटं थिअरी, मग कामाला लागू. कंडेन्सेटमधले (म्हणजे त्या अतिथंड वायूच्या ढगातले) सगळे अणू मिळून एकच वेव्हफंक्शन असतं, त्याला साय म्हणू. सायच्या मॅग्निट्यूडचा वर्ग (पुढे नुसतं सायचा वर्ग म्हणू) म्हणजे घनता, आणि सायची फेज जागेनुसार जितकी झपकन बदलते तितका तिथला वेग जास्त. आता एखाद्या बिंदूभोवती गोल फिरून परत त्याच जागी आलात तर साय तेच असायला हवं, म्हणजे फेज एकतर होती तेवढीच किंवा पूर्ण ३६० अंशांच्या पटीत बदललेली. गोल जिन्यासारखं, फेरी मारून त्याच कोपऱ्यावर येता पण एक मजला वर. अर्धा मजला चालत नाही. मधल्या बिंदूवर फेज कुठली धरायची हेच ठरत नाही म्हणून तिथे घनता शून्य व्हावी लागते, तेच आपलं भोक. ऑन्सागरने १९४९ मध्ये आणि फाइनमनने १९५५ मध्ये हे सुपरफ्लुइड हेलियमसाठी मांडलं, आणि अब्रिकोसोव्हने १९५७ मध्ये सुपरकंडक्टरसाठी (नोबेल २००३ मध्ये मिळालं, म्हणजे पेपरनंतर ४६ वर्षांनी!). गंमत म्हणजे अब्रिकोसोव्हने आधी जाळी चौकोनी येते असं काढलं होतं, त्रिकोणी जाळीची एनर्जी किंचित कमी असते हे १९६४ मध्ये इतरांनी दाखवलं. फरक खरोखरच किंचित आहे, ज्या आकड्यावर हे ठरतं तो चौकोनीला १.१८ आणि त्रिकोणीला १.१६. हे लक्षात ठेवा, पुढे तुमची जाळी वाकडीतिकडी आली की उपयोगी पडेल.

भाग पहिला: फिरणारा वायू

साय कशी वागते ते सांगणारं समीकरण ग्रॉस-पिटायेव्हस्कीचं, टू-डी मध्ये, सगळं ट्रॅपच्या (ढग धरून ठेवणाऱ्या सापळ्याच्या) युनिटमध्ये, म्हणजे वस्तुमान, एच-बार आणि ट्रॅपची फ्रीक्वेन्सी सगळे १. एनर्जीत चार तुकडे येतात: कायनेटिक, ट्रॅप (अर्धा गुणिले आर वर्ग), अणूंची आपसातली ढकलाढकल (जी गुणिले सायचा वर्ग, जी म्हणजे ढकलण्याचा जोर), आणि फिरवण्याचा तुकडा, उणे ओमेगा (फिरवण्याचा वेग) गुणिले अँग्युलर मोमेंटम. सायच्या वर्गाची बेरीज १ ठेवा आणि जी घ्या ५००. ग्रिड २५६ बाय २५६, बॉक्स उणे १० ते अधिक १०.

हे आकडे हवेतून काढलेले नाहीत आणि तुम्ही बदलणार असाल तर हा हिशोब परत करा. न फिरणाऱ्या ढगाचा केमिकल पोटेन्शियल (एक अणू वाढवायला लागणारी एनर्जी) येतो (जी भागिले पाय) या सगळ्याचं वर्गमूळ, म्हणजे १२.६, आणि त्रिज्या त्याच्या दुपटीचं वर्गमूळ, म्हणजे ५. भोकाचा आकार ठरवणारी हीलिंग लेंथ त्यातून येते ०.२. ग्रिडचं अंतर ०.०७८. म्हणजे एका हीलिंग लेंथमध्ये जेमतेम अडीच पॉइंट, आणि फिरवल्यावर ढग पसरून पातळ होतो तेव्हा तीनच्या वर. याच्या खाली जाऊ नका, नाहीतर व्हॉर्टेक्स ग्रिडच्या चौकटीत अडकून बसतो आणि हलायचं नाव घेत नाही, आणि तुम्हाला वाटतं वा काय स्थिर जाळी आली.

प्रत्यक्षातला अंदाज हवा असेल तर रुबिडियम ८७ घ्या, एका घन सेंटीमीटरमध्ये १० चा १४ वा घात इतके अणू (हवेच्या मानाने हे काहीच नाही), तर हीलिंग लेंथ ०.२७ मायक्रॉनच्या आसपास येते. नेहमीच्या इमेजिंगला इतकं बारीक दिसत नाही, म्हणून प्रयोगात ट्रॅप बंद करून ढग फुगू देतात, त्याबरोबर भोकंही फुगतात आणि मग फोटो काढतात. आपल्याला ती कटकट नाही.

आता ग्राउंड स्टेट काढायची. त्यासाठी वेळेला काल्पनिक करून टाकायचं, म्हणजे जिथे उणे आय डीटी (डीटी म्हणजे वेळेची एक स्टेप) येतं तिथे नुसतं उणे डीटी लिहायचं, आणि दर स्टेपनंतर सायला परत नॉर्मलाइज करायचं. जास्त एनर्जीवाले भाग लवकर मरतात, कमीवाला उरतो. डीटी ०.००१ पासून सुरू करा.

फिरवण्याचा तुकडा कसा बसवायचा इथे बरेच जण अडतात, कारण त्यात जागा आणि मोमेंटम दोन्ही एकत्र आहेत, साध्या टू-डी फुरियरमध्ये तो डायगोनल होत नाही. युक्ती अशी की त्याचे दोन भाग करायचे. फक्त एक्स दिशेला फुरियर करा, आता तुमच्या हातात एक्सचा मोमेंटम आणि वायची जागा आहे, त्यात अर्धा गुणिले एक्स-मोमेंटम वर्ग अधिक ओमेगा गुणिले वाय गुणिले एक्स-मोमेंटम हे सरळ गुणून टाकता येतं. परत या. मग फक्त वाय दिशेला फुरियर करा आणि अर्धा गुणिले वाय-मोमेंटम वर्ग उणे ओमेगा गुणिले एक्स गुणिले वाय-मोमेंटम. एकात अधिक आणि एकात उणे. सुरुवातीला आणि शेवटी ट्रॅप व जी वाल्या भागाची अर्धी अर्धी स्टेप. झाली एक स्टेप. एक्स आधी की वाय आधी हे आलटून पालटून करा, एररला एकाच बाजूला कल राहत नाही.

त्या अधिक-उणेत चूक झाली तर काय होतं हे मुद्दाम सांगतो कारण हा बग फार सभ्य दिसतो. दोन्ही चिन्हं सारखी टाकलीत तर ढग छान गोल राहतो, फिरवल्यासारखा पसरतोही, एनर्जी नीट खाली येते, पण व्हॉर्टेक्स एकही येत नाही, ओमेगा कितीही वाढवा. कारण चुकीच्या चिन्हाने जे तयार होतं त्याला कर्लच (गोल फिरवणारा भाग) नसतो, ते फेजमध्ये एक गुळगुळीत बदल करून गिळून टाकता येतं. बरोबर चिन्हाला कर्ल दोन ओमेगा असतो. हा दोन ओमेगा डोक्यात ठेवा, सुपरकंडक्टरमध्ये मॅग्नेटिक फील्ड नेमकं हेच काम करतं.

ओमेगा शून्य ठेवून एकदा चालवा आणि केमिकल पोटेन्शियल १२.६ च्या थोडा वर येतो का बघा. नाही आला तर पुढे जाऊच नका. आणि हो, एनर्जी काढताना जी वाला भाग अर्धा घ्यायचा, केमिकल पोटेन्शियलला पूर्ण. यात गडबड करून बग शोधत बसणारे अनेक.

आता ओमेगा ०.८ करा. आणि सुरुवातीच्या सायमध्ये थोडा रँडम नॉइज टाका, कॉम्प्लेक्स, एक-दोन टक्के पुरे. नॉइज नसेल तर गोल सममित ढगातून सुरू केलेलं काल्पनिक वेळेचं गणित सममितच राहतं, त्याला व्हॉर्टेक्स आत घ्यायला कारणच सापडत नाही, आणि तुम्ही व्हॉर्टेक्स नसलेल्या उत्तराला ग्राउंड स्टेट समजून बसता. ग्रिडच्या राउंडिंग एररने कधीतरी फुटेल, पण त्याच्या भरवशावर कशाला राहायचं.

नॉइज टाकला तरी घाई नको. एनर्जीचा आलेख बघत बसा, हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. आधी एनर्जी झरझर खाली येते, मग सपाट होते, इतकी सपाट की स्टॉप करायची अट कधीच पूर्ण झालेली असते. पण ढगाची कड बघाल तर ती किंचित लाटेसारखी व्हायला लागलेली असते. मग त्या लाटांच्या खोबणीतून एकेक व्हॉर्टेक्स आत सरकतो, एनर्जी एकदम एक पायरी खाली, परत थोडी सपाट, परत पायरी. सगळे आत आले की मग एकमेकांना ढकलत जागा शोधतात, हा शेवटचा टप्पा सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात लांब. म्हणून नुसत्या एनर्जीच्या फरकावर थांबू नका, तो फरक बराच वेळ छोटा राहिला पाहिजे अशी अट घाला, आणि अधूनमधून चित्र सेव्ह करा. दहा-वीस हजार स्टेप लागल्या तर त्यात काही वावगं नाही.

किती व्हॉर्टेक्स यायला हवेत? फाइनमनचा नियम आपल्या युनिटमध्ये फारच सोपा आहे, ओमेगा गुणिले त्रिज्येचा वर्ग. ०.८ ला ढग पसरून त्रिज्या साधारण ६.५ होते, म्हणजे ३३-३४. तुमचे याहून कमी येतील आणि ते बरोबर आहे, कारण कडेजवळ घनता इतकी विरळ की तिथले धरायचे की नाही हा प्रश्नच आहे. १० आले तर मात्र काहीतरी गंडलंय किंवा तुम्ही लवकर थांबलात. तुलनेसाठी, एमआयटीत २००१ मध्ये सोडियमच्या कंडेन्सेटमध्ये १३० पर्यंत व्हॉर्टेक्स दिसले होते. त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या जिला लॅबमध्ये पहिला एक, आणि २००० मध्ये पॅरिसला लेझरने ढवळून काही मोजके.

इथे एक प्रश्न हमखास येतो. हिशोबाने आपल्या ढगात पहिला व्हॉर्टेक्स ओमेगा ०.२५ च्या आसपासच स्वस्त पडायला लागतो, मग पॅरिसला ०.७ च्या आसपास का जावं लागलं? कारण स्वस्त असणं वेगळं आणि आत शिरायला वाट मिळणं वेगळं. कडेवर अडथळा असतो, तो मोडायला ढगाची कड आधी अस्थिर व्हावी लागते, आणि लंबगोल ढवळणीला ढग ट्रॅप फ्रीक्वेन्सी भागिले वर्गमूळ दोनला, म्हणजे ०.७१ ला, रेझोनन्स देतो. तुम्हाला ०.४ ला एक व्हॉर्टेक्स हवा असेल तर तो स्वतः येईल अशी वाट बघू नका, सुरुवातीच्या सायला ध्रुवीय कोनाची फेज गुणून तो हाताने पेरा आणि मग टिकतो का बघा.

आणि दोन वेगळ्या रँडम सीडने दोन वेगळ्या जाळ्या आल्या तर घाबरू नका. चौकोनी आणि त्रिकोणीतलाच फरक इतका बारीक, तर एखादा व्हॉर्टेक्स इकडचा तिकडे असलेल्या रचनांमध्ये एनर्जीचा फरक तर नगण्यच. पाच-सात सीड चालवा, सगळ्यात कमी एनर्जीवाली ठेवा.

आता मोजणी

फेजचं चित्र काढताना चक्राकार रंगपट्टी घ्या, मॅटप्लॉटलिबमध्ये ट्वायलाइट नावाची आहे. साधी रंगपट्टी घेतलीत तर उणे पाय आणि अधिक पाय यांच्यामध्ये खोटी भिंत दिसते.

डोळ्याने मोजू नका, कोडने मोजा. ग्रिडचा एकेक छोटा चौकोन घ्या, चार कोपऱ्यांच्या फेज बघा, एका दिशेने फिरत फरक काढा आणि बेरीज करा. समजा कोपऱ्यांवर १०, १००, १९० आणि २८० अंश आहेत. फरक ९०, ९०, ९०, आणि शेवटचा १० उणे २८० म्हणजे उणे २७०. बेरीज शून्य. ती नेहमीच शून्य येणार, कुठलेही चार आकडे घेतलेत तरी, म्हणून अनेकांचा काउंटर कायम शून्य दाखवतो. प्रत्येक फरक आधी उणे १८० ते अधिक १८० मध्ये गुंडाळायचा, मग उणे २७० चा होतो अधिक ९० आणि बेरीज येते ३६०. तो झाला एक व्हॉर्टेक्स. उणे ३६० आली तर उलटा फिरणारा.

आता हा काउंटर पूर्ण बॉक्सवर चालवा आणि चक्रावून जा, कारण ३० ऐवजी कैक पटींनी जास्त येतील. ढगाच्या बाहेर जिथे काहीच नाही तिथेही सायला नावापुरती फेज असते, आणि त्या कचऱ्यात अधिक-उणे व्हॉर्टेक्स खच्चून भरलेले असतात. त्यांना भुताटकी व्हॉर्टेक्स म्हणतात आणि नाव अगदी शोभतं. घनता मधल्या कमाल घनतेच्या अमुक टक्क्यांच्या वर आहे तिथलेच धरायचे, पण इथेही मेख आहे, व्हॉर्टेक्सच्या मध्यावर तर घनता शून्यच असते! म्हणून त्या बिंदूची घनता बघायची नाही, आजूबाजूला दोन-तीन हीलिंग लेंथपर्यंतची सरासरी बघायची, किंवा सरळ त्रिज्येची मर्यादा घालायची. किती टक्के घेतले ते निकालाबरोबर लिहा, कारण तो आकडा बदलला की मोजणी बदलते.

काउंटरवर विश्वास बसत नसेल तर ही टेस्ट करा. सायमध्ये एका बाजूला सरळ जाणारी साधी वेव्ह मिसळा आणि बेरजेचा वर्ग काढून चित्र बघा. पट्टे दिसतील, आणि जिथे व्हॉर्टेक्स आहे तिथे एका पट्ट्याचे दोन होऊन काट्यासारखा आकार येईल. नुसतं भोक असेल तर पट्टे तिथून न फाटता जातात. प्रयोगवाले हेच करतात, त्यांना फेज थेट दिसत नाही ना.

एक खेळ जरूर करा: कोनाची दुप्पट फेज पेरा, म्हणजे दोन मजले चढणारा व्हॉर्टेक्स, थोडा नॉइज टाका आणि आता खऱ्या वेळेत चालवा (नॉर्मलायझेशन बंद करून, ती आपोआप १ राहते का ही टेस्टपण होते). एनर्जी फेऱ्यांच्या वर्गाने वाढते, त्यामुळे दोनाचा एक महाग आणि एकेकाचे दोन स्वस्त, तो फुटून दोन व्हायला बघतो. किती लवकर ते जी वर अवलंबून आहे, काही जी ला बराच वेळ फुटतच नाही, तेव्हा जी बदलून बघा. डेन्सिटीच्या चित्रात सुरुवातीला एकच भोक, आणि काउंटर मात्र पहिल्यापासून बेरीज २ सांगत असतो.

भाग दुसरा: सुपरकंडक्टर

इथे फिरवण्याच्या जागी मॅग्नेटिक फील्ड, आणि अणूंच्या जागी इलेक्ट्रॉनच्या जोड्या. जोडी असल्यामुळे प्रत्येक व्हॉर्टेक्समधून जाणारा फ्लक्स (फील्ड गुणिले क्षेत्रफळ) एच भागिले दोन ई (एच प्लांकचा स्थिरांक, ई इलेक्ट्रॉनचा चार्ज), म्हणजे २०.७ गॉस गुणिले चौरस मायक्रॉन. एक टेस्ला फील्डमध्ये त्रिकोणी जाळीतलं अंतर जेमतेम ४९ नॅनोमीटर येतं. १९६७ मध्ये एसमान आणि ट्रॉयब्लेने बारीक चुंबकीय कण पृष्ठभागावर बसवून ही जाळी पहिल्यांदा दाखवली, १९८९ मध्ये निओबियम डायसेलेनाइडवर टनेलिंग मायक्रोस्कोपने एकेक व्हॉर्टेक्सचा गाभा दिसला.

सुपरकंडक्टरमधल्या सायसाठी समीकरण टाइम-डिपेंडंट गिन्झबर्ग-लँडाऊ. पातळ फिल्म घ्या जिथे फील्ड आरपार जातं असं धरता येतं, मग फील्डसाठी वेगळं समीकरण सोडवावं लागत नाही, पहिल्यांदा करणाऱ्याने यातूनच सुरुवात करावी. लांबीचं युनिट कोहेरन्स लेंथ (इथे भोकाचा आकार ठरवते ती), फील्डचं युनिट वरचं क्रिटिकल फील्ड (ज्याच्या वर सुपरकंडक्टिव्हिटी संपते ते). ३० बाय ३० चा तुकडा, अंतर ०.५, डीटी ०.०२, फील्ड ०.३. डीटी ०.०६ च्या वर नेलीत तर सगळं स्फोट होऊन संपतं. या युनिटमध्ये एक फ्लक्स क्वांटम म्हणजे दोन पाय, तर ०.३ गुणिले ९०० भागिले दोन पाय म्हणजे ४३ व्हॉर्टेक्सचा फ्लक्स, आणि आत येतील त्याहून कमी, कडेवरचे करंट काही वाटा अडवतात.

मुख्य गोष्ट: व्हेक्टर पोटेन्शियल (ज्याचा कर्ल म्हणजे फील्ड) ग्रिडच्या बिंदूंवर ठेवू नका, दोन बिंदूंच्या मधल्या दुव्यावर ठेवा, फेजच्या गुणकाच्या रूपात. शेजारच्या बिंदूवरचं साय आणताना त्या गुणकाने गुणून आणायचं. असं केलं की गेज (त्याच फील्डसाठी व्हेक्टर पोटेन्शियल लिहायची पद्धत) बदललं तरी उत्तर बदलत नाही, आणि कडेची अटही फुकटात मिळते, कडेबाहेर जाणारा दुवा मोजायचाच नाही की झालं, करंट बाहेर जात नाही.

मोजणी इथे जशीच्या तशी चालत नाही बरं का. व्हेक्टर पोटेन्शियल तुम्ही फील्ड गुणिले एक्स असं घेतलं आणि एक्स ० पासून ३० पर्यंत मोजलं, तर उजव्या टोकाला एका दुव्यावरच ४.५ रेडियन येतात, म्हणजे पायच्या वर, आणि गुंडाळताना सरळ चुकीचं उत्तर येतं. म्हणून फेजच्या फरकातून दुव्याचा भाग आधी वजा करा, मग गुंडाळा, चारांची बेरीज करा, आणि शेवटी त्या चौकोनातला फ्लक्स (आपल्याकडे ०.०७५) परत मिळवा. आता नेमकी दोन पायची पट येते. एक्स मध्यापासून मोजलं तर या आकड्यांना नशिबाने वाचता, पण फील्ड वाढवलं की परत तेच.

जाळी आली की एखाद्या ठिकाणी समीकरणातला साय वाढवणारा १ हा सहगुणक शून्य करा, म्हणजे तिथे मटेरियल खराब केलं. व्हॉर्टेक्स तिथे जाऊन बसेल, याला पिनिंग म्हणतात. आणि इथेच परत तोच फसवा प्रकार: खराब जागेवर घनता कायम कमीच, व्हॉर्टेक्स बसलेला असो वा नसो, त्यामुळे चित्रात भोक सारखंच. काउंटरशिवाय कळणार नाही. फक्त चौकोन मोठा घ्या, खराब जागेला पूर्ण वेढा घालणारा, आणि फ्लक्सही मग तेवढ्या मोठ्या चौकोनाचा मिळवा.

यापुढे करंट सोडायचा असेल तर इलेक्ट्रिक पोटेन्शियलही दर स्टेपला सोडवावं लागतं, ते स्वतः लिहीत बसण्यापेक्षा पायटीडीजीएल नावाचं तयार पायथन पॅकेज वापरा, पातळ फिल्मसाठीच बनवलंय. करंट सोडला की व्हॉर्टेक्सला आडवा धक्का बसतो, पिनिंग धरून ठेवतं तोवर सरासरी व्होल्टेज शून्य, सुटले की व्होल्टेज येतं, म्हणजे सुपरकंडक्टर असूनही रेझिस्टन्स. मोठ्या चुंबकांच्या वायरीत मुद्दाम दोष का पेरतात ते इथे स्क्रीनवर दिसतं. व्होल्टेजचा वेळेनुसार आलेख काढा, त्यावर टेकाडं दिसतील. एक व्हॉर्टेक्स पूर्ण आडवा पार गेला की दोन टोकांमधला फेजचा फरक बरोबर दोन पायने बदलतो, म्हणून प्रत्येक टेकाडाखालचं क्षेत्रफळ एक फ्लक्स क्वांटम यायला हवं. दीड आलं तर दोन व्हॉर्टेक्स एकामागोमाग जाताना टेकाडं एकात एक मिसळलीत, करंट थोडा कमी करून परत चालवा.